एका जुवाला दोन कॉम्प्युटर

बैल घेताना जुंपून बघतात, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटर जुंपून बघणारी बाई मात्र मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझ्याच घरात होती. आता नाही. म्हणून हे लिहायला बसलो. ती असती तर म्हणाली असती, "लिवायचं तर बोर्डावर लिवा, तिथं लोक वाचतात तरी."

बोर्ड लिहायचा माझा धंदा. शहापूरच्या बाजारात पत्र्याचं दुकान होतं. शाळा सातवीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांनी वैतागून वर ढकललेली. पण अक्षर देवानं दिलं होतं. किराणा दुकानं, दवाखाने, रसवंत्या, ट्रकच्या मागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. ज्याला आयुष्यात एक मत दिलं नाही त्याचं नाव हातभर उंचीनं लिहिलं आणि खाली "आपला लाडका" असंही लिहिलं. पोटासाठी माणूस काय काय लाडकं म्हणतो.

बायको मुरबाडकडची, चौथी शिकलेली. घराच्या मागच्या खोलीत ती लग्नपत्रिका छापायची. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं झिरझिरीत कापड, त्यावर शाई, आणि रबराच्या पट्टीनं एक ओढ. एक ओढ, एक पत्रिका. दुसरा रंग पाहिजे तर दुसरी चौकट आणि पुन्हा पहिल्यापासून. ओल्या शाईवर धूळ बसू नये म्हणून दार लावून घ्यायची, पंखा बंद. पत्रिका वाळत पडायच्या जमिनीवर, खाटेवर, तांदळाच्या पिंपावर, एकदा तर झोपलेल्या सासऱ्याच्या पोटावर. चौकट धुवायची थिनरनं, हात धुवायचे थिनरनं. आमच्या घरच्या आमटीलासुद्धा थिनरचा वास असायचा. पाहुणे दुसऱ्यांदा मागायचे नाहीत, तेवढीच बचत.

तिचा पिवळा रंग मुरबाडपर्यंत माहीत होता. हळदीचा पिवळा. डब्यातला पिवळा घ्यायची, त्यात काडीच्या टोकानं लाल सोडायची आणि उन्हात नेऊन बघायची. नवरीच्या अंगावर हळद जशी दुसऱ्या दिवशी दिसते, तसा तो दिसायचा. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून सांगायचं तर ती भांडखोर होती, घोरायची, आणि माझ्या बहिणींना चहात साखर कमी घालायची.

नव्वदची सालं संपत आली तेव्हा तिला खोकला लागला. आधी आम्ही तो हवेवर ढकलला, मग भातावर, मग माझ्या विडीवर. शेवटी कल्याणला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं पाठीला नळी लावली आणि विचारलं, "बाई, काम काय करता?"

तिनं सांगितलं. थिनरचं नाव निघालं तसं त्यानं कानातली नळी काढून टेबलावर ठेवली.

"आजपासून ते बंद. नाहीतर फार पावसाळे बघणार नाही तुम्ही."

जिना उतरताना ती म्हणाली, "त्याला काय जातंय बोलायला? त्याला पत्रिका छापायच्या नायत."

मी म्हटलं, "तुलापण छापायच्या नायत आता."

"मग काय करू? भिंतीला टेकून बसू? तुमच्या आईसारखी?"

आई माझी दहा वर्षं भिंतीला टेकून होती आणि तिथून सगळ्या गावावर हुकूम सोडायची. त्या जागेवर बायको बसली असती तर गाव उठून गेलं असतं. तिला रिकामं बसवणं जमणार नव्हतं. रिकामी बसवली तर मी दुकानात गेलो की ती मागच्या खोलीत थिनरचा डबा उघडणार, हे मला तिच्याइतकंच माहीत होतं.

वाट एकच दिसत होती. कल्याणला मोठे छापखाने होते. पत्रिका कॉम्प्युटरवर मांडून, रंग भरून, फ्लॉपीत घालून नेऊन द्यायची. छापणं त्यांचं, थिनर त्यांचा, खोकला त्यांचा. कॉम्प्युटर घ्यायचा आणि बायकोला त्यावर बसवायचं, असं मी ठरवलं. मुलगी तेव्हा कॉलेजला होती, तिनं क्लास केला होता, ती आईला शिकवायला तयार होती. ठरलं.

पण कुठला घ्यायचा, तिथं गाडी अडली.

वाशिंदला एक गृहस्थ राहायचे, मुंबईत जाहिरातीच्या कामात जन्म घालवून घरी बसलेले. त्यांचा जुना मॅक विकायचा होता. त्यावर सफरचंदाची खूण, तीही कोणीतरी चावलेली. ते म्हणाले, "पेंटर, हे मशीन कलावंताचं. ते दुसरं आहे ना, ते कारकुनाचं." दुसरा कल्याणच्या दुकानदाराचा, सुटे भाग जोडून बनवलेला, विंडोजवर चालणारा. तो दुकानदार म्हणाला, "काका, मॅकचं नाव काढू नका. तो बिघडला तर कोणाकडे नेणार? आमचा बिघडला तर शहापुरातला टीव्हीवालापण खोलंल." माझ्यासारख्या अडाण्याला दोघांचंही पटलं. जो शेवटी बोलला त्याचं जास्त पटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"दोनी आणा."

"दोनी? घर विकू का?"

"घ्यायला नाय हो, बगायला. बाबा माझा म्हसा गावच्या जत्रेतनं बैल आणायचा तो काय दात मोजून आणायचा? जुंपायचा, गाडी भरायची, चढ चढवायचा, मग हां म्हणायचा. तुमी नुसतं विकणाऱ्याचं तोंड बगून आलाव."

तिचा बाप बैलांतला जाणता होता, हे खरं. जावयातला नव्हता, असं ती म्हणायची.

मी तोंड वर करून दोघांनाही जाऊन विचारलं. कल्याणवाला हसला, पण गिऱ्हाईक सुटेल म्हणून हो म्हणाला. वाशिंदचे गृहस्थ विचारात पडले. आतून त्यांची बायको ओरडली, "न्या हो, न्या! आठ दिवस काय, जन्मभर ठेवा!" टेम्पोतून दोन्ही मशीनं आपापल्या प्रिंटरसकट आमच्या मागच्या खोलीत आली. पत्रिका वाळायच्या त्या फळीवर शेजारी शेजारी बसवली. बायकोनं दोघांना हळदकुंकू लावलं. नावंही तिनंच ठेवली, एक सफरचंद आणि एक खिडकी.

पहिल्याच दिवशी ती सफरचंदावर भाळली. ते चालू केलं की देवळात घंटा वाजावी तसा आवाज व्हायचा आणि पडद्यावर एक छोटं हसरं तोंड यायचं.

"बगा, सकाळी उठून हसतंय. तुमी कदी हसलाव?"

खिडकी चालू केली की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायची, पोलीस ठाण्यात जबानी लिहून घ्यावी तशी. सफरचंदाच्या माऊसला एकच बटण. खिडकीच्या माऊसला दोन, आणि ती नेमकं नको ते दाबायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण कुठलं काम पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यात राहतं हे ती पाहून ठेवायची, बाजारात कुठली भाजीवाली कुठे बसते ते ध्यानात ठेवावं तसं. मुलगी एकदा सांगायची, ती पुन्हा विचारायची नाही. विचारलं तर आपण मुलीपेक्षा लहान होऊ, असा तिचा हिशेब.

आणि सफरचंदाचा पिवळा. त्याच्या प्रिंटरमधून पहिला कागद निघाला तो तिनं उन्हात नेला. बराच वेळ आली नाही. मी बाहेर गेलो तर कागद तोंडासमोर धरून उभी.

"माझा पिवळा हाय हो," म्हणाली. "थिनर नाय, काय नाय, आणि माझा पिवळा."

मला वाटलं, सुटलो. सफरचंदाची फ्लॉपी घेऊन मी कल्याणच्या छापखान्यात गेलो. तिथे सगळा कारभार खिडकीचा. पोरानं फ्लॉपी घातली, मशीननं विचारलं, ही कोरी दिसते, पुसून साफ करू का? म्हणजे पाहुणा दारात आला की त्याला विचारायचं, तुला जाळू का पुरू! मी हात जोडून फ्लॉपी परत घेतली.

तिथून तसाच वाशिंदला उतरलो. गृहस्थ म्हणाले, "त्यात काय? पत्रिका बटर पेपरवर काढा, त्यावरून चौकट बनवा, आणि वहिनी घरी छापतात तशा छापू द्या. अक्षर मॅकचं, हात वहिनींचा. झकास!"

झकास कसलं! सफरचंद घेतलं तर चौकट आली, चौकट आली की थिनर आला. खिडकी घेतली तर फ्लॉपी कल्याणला जाते आणि बायको वाचते. मला दुसरं काही बघायचंच नव्हतं. घरी येऊन सांगितलं, खिडकी घ्यायची.

"ती खिडकी?" ती म्हणाली. "तिच्या पिवळ्याला कावीळ झालीय. हिरवट हाय तो."

"असूदे हिरवट."

"माझ्या हातनं असली पत्रिका लोकांच्या देव्हाऱ्यात जाणार? वरसातनं चार कामं थिनरवर केली तर मरते का मी?"

"मरशील."

"मेले तर पिवळ्यापायी मेले म्हना!"

अशी बाई. तिला धमकी देता येत नव्हती, कारण ती धमकी घेऊन तिचं काहीतरी बनवायची.

त्यातच एक काम आलं. नवरा मुरबाडचा, नवरी आसनगावची, आणि दोन्ही घरांची मिळून एकच पत्रिका. आमच्याकडे पत्रिकेचा मान म्हणजे काय सांगू. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, आत्या आधी की मावशी, यावरून लग्नं मोडायची पाळी आलेली मी पाहिली आहे. त्यात दोन्ही घरं एका कागदावर. उजवी बाजू नवऱ्याची, डावी नवरीची. बायकोचे डोळे चमकले.

"हेच जुंपते," म्हणाली. "उजवी बाजू सफरचंदावर, डावी खिडकीवर. एका जुवाला दोन बैल, भार सारका, वाट सारकी. कोण वडतो नि कोण अंग चोरतो, आपोआप कळंल. वेगळं वेगळं जुंपलं तर दोगंपण शाने."

मलाही ते बरोबर वाटलं, हे सांगायला पाहिजे. मुलगी म्हणाली, "आई, कॉम्प्युटर म्हणजे बैल नाय." आम्ही दोघांनी तिच्याकडे असं बघितलं की ती अभ्यासाला गेली.

तर अर्धी पत्रिका इकडे झाली, अर्धी तिकडे. दोन्ही कागद निघाले, तिनं मधोमध कापून खळीनं एका पुठ्ठ्यावर चिकटवले. हा नमुना. नमुना घ्यायला नवरीचा मामा आला. मोठ्या मिशांचा माणूस, सोबत भाचीचे दोन काका. चहा झाला. बायकोनं नमुना त्याच्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावून बाजूला उभी राहिली. खोकला दाबत होती.

मामानं नमुना जवळ धरला, लांब धरला.

"पेंटर, ही उजवी बाजू कोणाची?"

"नवरदेवाची."

"आणि डावी आमची?"

"व्हय."

"मग त्यांचं अक्षर दूध पिऊन आल्यासारखं टरटरीत, आणि आमचं उपाशी? त्यांचा गणपती सोन्याचा, आमचा हिरवा? आमी काय पोरगी कावीळ झालेली देतोय व्हय?"

काका लोकांनी लगेच माना हलवल्या. एक जण उभाच राहिला. मी सांगायला लागलो की दोन मशीनं आहेत, एक सफरचंद, एक खिडकी. मामा म्हणाला, "पेंटर, सकाळीच घेतलीस काय?"

आता याला बैलांची परीक्षा कशी समजावून सांगायची? खरं तर त्याला ती समजली असती. तेवढ्यात बायको पुढे झाली.

"मामा, चूक झाली. तुमची बाजूपण सफरचंदावर काढते, आणि माझ्या हातानं छापून देते. असा पिवळा देते, नवरदेवाकडचे बगत राहतील."

आणि आत गेली. काय काढायला गेली ते मला डब्याच्या कडीच्या आवाजावरूनच कळलं. पत्र्याचा मोठा डबा, थिनरचा. तो फरफटत तिनं दारात आणला आणि झाकण काढायला चमचा आणायला वळली.

मी काही विचार केला नाही. उठलो आणि डब्यावर जाऊन बसलो.

"उठा," ती म्हणाली.

"नाय उठत."

"पावण्यांसमोर तमाशा करू नका. उठा!"

"पावण्यांना चहा दे अजून. मी इथंच जेवीन."

तिनं माझा दंड धरून ओढला. मी डब्याला टाचा लावून बसलो. झाकणाचा काठ ढुंगणाला रुतत होता, पण सांगतो कोणाला. ती ओढते, मी बसतो, आणि ओढता ओढता तिला उबळ आली. भिंतीला हात टेकून खोकत राहिली. थांबेचना. उभा राहिलेला काका खाली बसला. मामानं मिशीवरचा हात काढला.

"वहिनींना काय झालंय?"

मी डब्यावरूनच सांगितलं. डॉक्टर, थिनर, पावसाळे, सगळं. सांगताना आवाज थोडा फाटला, तो मी विडीवर ढकलला.

मामानं नमुना पुन्हा हातात घेतला आणि उजव्या बाजूवर हात ठेवून ती झाकली, मग डावी झाकली.

"पेंटर, ती जी काविळीवाली मशीन हाय, तिच्यावर काढलं तर थिनर लागत नाय?"

"नाय. कल्याणला छापून येतं."

"मग भानगड काय हाय? त्यांची बाजूपण तिच्यावरच काढा."

बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अवो पन मामा, ते हिरवं..."

"हिरवं तर हिरवं! आमाला चांगलं नको हाय वहिनी, आमाला सारकं पायजे. आमचा गणपती हिरवा, त्यांचापण हिरवा. ते उपाशी, आमीपण उपाशी. मग कोणाची बोलायची टाप हाय?" मग माझ्याकडे वळला. "आणि तो सोन्याचा तुकडा जाळून टाका. त्यांच्या नजरेला पडला तर लगीन मोडंल."

काका लोकांनी माना हलवल्या. गावच्या माणसांना न्याय करताना मी पुष्कळदा पाहिलं आहे, पण दोघांचं सारखंच वाईट करा आणि सुखी व्हा, असा न्याय तो एकच. मी डब्यावरून उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या.

असा आमच्या घरात कॉम्प्युटर निवडला गेला. पुढे लोक मला विचारायचे, पेंटर, ग्राफिक्सच्या कामाला कुठला घ्यावा? मी म्हणायचो, घरात कोण खोकतंय ते बघा.

सफरचंद परत द्यायला ती माझ्यासोबत वाशिंदला आली. टेम्पोत ते मांडीवर घेऊन बसली होती. गृहस्थांच्या बायकोनं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला, "परत आणलंत?" परतताना बायको माझ्याशी बोलली नाही. पुढे कितीतरी दिवस बोलली नाही. जेवण वाढायची आणि भिंतीला सांगायची, "आमटी हवी तर माणसानं मागावी."

त्या दिवसांत ती खिडकीसमोर बसून तिच्या पिवळ्याशी भांडत होती. छापून आलेले तुकडे पडद्याच्या कडेला खळीनं चिकटवायची आणि पडद्यावर काय ठेवलं की कागदावर काय येतं ते बघायची. पडद्यावर चांगला दिसणारा पिवळा कागदावर हिरवा होतो, आणि पडद्यावर अगदी भडक, नारिंगी, डोळ्यांत खुपणारा ठेवला की कागदावर जरा बरा येतो. तिचा म्हणावा तसा तो कधीच आला नाही. शेवटपर्यंत नाही. प्रत्येक छापून आलेली पत्रिका उन्हात न्यायची, बघायची आणि "श्शी" म्हणायची. मला ते "श्शी" फार आवडायचं. "श्शी" म्हणायला छातीत वारा लागतो.

त्या मशीनवर ती पुष्कळ वर्षं बसली. पत्रिका, बारशाची कार्डं, मग फ्लेक्सचा जमाना आला तेव्हा वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यात गॉगलवाले भावी नगरसेवक. माझा ब्रश सुकला, तिचं चालत राहिलं. मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचो आणि ऱ्हस्वदीर्घ सांगायचो, तेही चुकीचे. गेली ती तापानं गेली, चार दिवसांत. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं कागद वाचून सांगितलं, छाती साफ होती. मला त्याचं समाधान मानायचं की त्याच्या टेबलावर डोकं आपटायचं, तेच कळेना. दोन्ही केलं नाही. बाहेर येऊन विडी ओढली.

पण मला ते लग्न आठवतं. त्या हिरव्या पत्रिकेचं. मुरबाडला होतं, आम्हाला मानाचं बोलावणं. तोपर्यंत तिचं मौन चालूच होतं. पंगतीत बायका पलीकडे बसायच्या, पण गर्दीत ती नेमकी माझ्या शेजारी आली, आणि तोंड फिरवून बसली. समोर नवरदेवाचा काका. त्यानं पाटावर बसता बसता विषय काढला.

"पत्रिका जरा फिकीच झाली हो. हिरवट मारते."

मामा बुंदीचं घमेलं घेऊन वाढत येत होता. तो थांबला.

"फिकी असंल. पण दोनी बाजूंनी सारकीच फिकी हाय का नाय, ते सांगा!"

काकानं खिशातून पत्रिका काढली, उघडली, उजवी बघितली, डावी बघितली. मग गंभीरपणे मान हलवली.

"व्हय. ते मात्र हाय. सारकी हाय."

शेजारी काहीतरी फुटलं. बायको हसत होती. तोंडात घास, पदर तोंडावर, खांदे गदगदतायत. आणि हसता हसता खोकायला लागली. मी उजवा हात ताटातून काढून तसाच तिच्या पाठीवर दणादण मारायला लागलो.

"अवो, जीव घेता का!" कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बुंदी अडकलीय."

"नक्की बुंदीच?"

"मग काय ताटात थिनर वाढलाय?"

मी हात खाली घेतला, पण कान तिच्याकडेच. तिनं पाणी प्यायलं. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. काही वाजलं नाही. मग तिनं पाठीवरचा बुंदीचा रस चाचपला, माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, आणि पुढे गेलेल्या मामाला हाक मारली.

"ओ मामा, इकडं वाढा अजून."